कुंडीतलं डाळिंब का जगत नाही? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गच्चीवरचं डाळिंब दुपारी मान टाकतं. आपला जीव कळवळतो आणि आपण पाइप हातात घेतो. कुंडीतली बहुतेक डाळिंबं इथेच मरतात. दुपारी मलूल झालेलं झाड संध्याकाळी ताजंतवानं होत असेल, तर त्याला पाणी कमी पडलेलं नाही. सकाळीही पानं लोंबत असतील, तर बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. आत ओल लागली तर थांबा, मुळं कुजायला लागली असण्याची शक्यता जास्त. रावेर-यावलच्या केळीला जसं पाणी लागतं, तसं डाळिंबाला चालत नाही.

दुसरी चूक शेतातली काळी माती जशीच्या तशी भरण्याची. ही माती ओली असताना चिकट आणि सुकली की आकसते. कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते, मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकाने बाहेर. मधला गोळा कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटतं, भरपूर पाणी दिलं. दोन भाग पोयट्याची (नदीकाठच्या गाळाची) माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कुंडी निदान १८ इंची हवी. उन्हाळ्यात ती तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवा आणि मातीवर केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर पसरा. पाणी पहाटेच द्या, दुपारी पाइपमधलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं.

फुलं गळतात म्हणून लगेच औषध फवारू नका. गळलेलं फूल उचलून देठाकडची बाजू बघा. ती निमुळती असेल तर फूल नर आहे, ते गळणारच. बूड फुगीर असलेली फुलंही गळत असतील, तर पाणी आणि खत तपासा. युरिया जास्त झाला की झाड नुसतं पाल्यावर जातं.

फळं तडकतात ती बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे. आठवडाभर कोरडं ठेवून मग बादलीभर ओतलं की आतले दाणे फुगतात, साल तेवढी ताणली जात नाही.

बहार कोणता धरायचा, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलं येऊ द्यायची, याचा विचार फार थोडे लोक करतात. आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची) फळं ऐन मे महिन्याच्या उन्हात सापडतात आणि त्यांची साल भाजते. मृग बहारात (जून-जुलैची फुलं) पावसामुळे तेल्याचा, म्हणजे फळावर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचा धोका. माझ्या मते खान्देशात गच्चीसाठी हस्त बहारच (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) बरा. फुलं यावीत म्हणून आधी झाड ताणावर सोडतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात; शेतकऱ्याला पावसाळ्यात हे अवघड जातं, आपण मात्र कुंडी पत्र्याखाली सरकवू शकतो! पाणी हळूहळू कमी करा, पानं पिवळी पडली की हलकी छाटणी करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं आली तर फळं उन्हाळा तापायच्या आत हाताशी येतात. पहिली दोन वर्षं मात्र फळ धरू नका.

बुडाशी फुटणारे फुटवे काढत राहा. रोप बियांपासून नको, गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घ्या. फळावर तेलकट काळे डाग पडून भेगा दिसल्या, तर ते फळ तोडून जाळा, कंपोस्टात टाकू नका आणि कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.