मागच्या डिस्क ब्रेकमधील हवा काढताना
मोटारसायकलचे ब्रेक पेडल दाबताना स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरल्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण दाबाखाली ऑइल आकसत नाही, हवा मात्र आकसते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच, बहुधा डॉट ४, सीलबंद ब्रेक ऑइल आणावे. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडून ठेवलेली बाटली वापरण्याची काटकसर कृपया करू नये.

कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) ब्लीड निपलवर, म्हणजे हवा काढण्याच्या छोट्या पोकळ स्क्रूवर, आधी रिंग पाना आणि मग पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोड्या ऑइलात बुडवावे. पेडल दाबून धरावे, निपल पाव फेरा सैल करावा, बुडबुडे बाहेर पडताच तो आवळावा आणि त्यानंतरच पेडल सोडावे. हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे.

पेडल घट्ट लागू लागल्यावरच पुशरॉडचा (पेडलचा दाब पुढे पोहोचवणाऱ्या दांडीचा) लॉकनट सैल करून पेडलची उंची जुळवावी, मात्र थोडी मोकळी चाल राखावी, अन्यथा पॅड डिस्कवर घासत राहून तापतात. उंची बदलल्यास ब्रेकच्या दिव्याचा स्विचही जुळवून घ्यावा.