इंग्रजी कवितेतील वाक्प्रचार आणि अलंकारिक भाषा कशी उलगडावी

दादरच्या माझ्या शिकवणी वर्गात शेक्सपिअरचे अठरावे सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता (सॉनेट), शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो: आपल्या आवडत्या व्यक्तीला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा द्यावी, असे कवीला का वाटावे? मे महिन्यात लोकलमधून घामाने निथळत आलेल्या मुलांना हा प्रश्न पडणे रास्तच आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या या कवितेतला उन्हाळा इंग्लंडचा आहे. थंडी सरून कळ्या उमलू लागतात, दिवस लांबतो आणि माणसे घराबाहेर पडतात, असा तो ऋतू. कवीची तक्रार तो तापतो एवढीच नाही, तर लवकर संपतो ही आहे, आणि ती सांगताना त्याने 'लीज' हा शब्द वापरला आहे. उन्हाळा हा जणू भाडेकरू आहे आणि त्याच्या भाडेपट्ट्याची मुदत फारच थोडी आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर घरे बदलणाऱ्या मुंबईकराला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही; समजावून सांगावा लागतो तो उन्हाळा. कवितेत कोणता शब्द कठीण जाईल याविषयीचा आपला अंदाज असा पुष्कळदा चुकतो, म्हणून सोपे वाटणारे शब्दच आधी तपासावेत.

वाचनाची सुरुवात मात्र अर्थापासून नव्हे, अन्वयापासून करावी. संस्कृत श्लोक शिकताना आपण कर्ता, कर्म, क्रियापद शोधून ओळ सरळ लावतो, तेच इंग्रजी कवितेच्या बाबतीत करावे. इंग्रजी कवी वृत्तासाठी आणि भर देण्यासाठी शब्दांची जागा सर्रास बदलतात. पुष्कळ विद्यार्थी ज्याला 'गूढ अर्थ' समजून घाबरतात, ते प्रत्यक्षात केवळ उलटे ठेवलेले वाक्य असते. ओळ मोठ्याने वाचावी, वाक्य कुठे संपते ते पाहावे आणि ते गद्यात लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळून पुढे गेलेला वाचक हमखास अडखळतो.

अन्वय लागल्यावर शब्दशः अर्थ जिथे मोडतो त्या जागांवर खूण करावी. यासाठी आपल्याच काव्यशास्त्रात एक उत्तम साधन आहे आणि इंग्रजीच्या वर्गात ते कोणी काढत नाही, याची मला खंत वाटते. शब्द आपला मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ सांगतो, त्या शक्तीला लक्षणा म्हणतात. ती केव्हा होते, याच्या अटी ११व्या शतकातील काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात सांगितल्या आहेत. मूळ अर्थाला बाधा यावी लागते, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध असावा लागतो, आणि अर्थ बदलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असावे लागते. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचे गवत खुडून आणणारा. आज आपण कुशल सुतार म्हणतो तेव्हा गवताची आठवणही कोणाला होत नाही. ही रूढी झाली. 'गंगेवर गवळीवाडा आहे' असे कोणी म्हटले, तर वाडा पाण्यावर नसून काठावर आहे हे कळतेच; पण 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटल्यामुळे गंगेचा शीतलपणा आणि पावित्र्य त्या वाड्याला येऊन चिकटते. हे प्रयोजन झाले. इंग्रजी इडियम, म्हणजे वाक्प्रचार, रूढीच्या बाजूला पडतो आणि कवीने स्वतः घडवलेले मेटाफर, म्हणजे रूपक, प्रयोजनाच्या बाजूला. खूण केलेल्या प्रत्येक जागेविषयी एकच प्रश्न विचारावा: हे सगळी भाषा बोलते की हा एकटा कवी बोलतो आहे? पहिल्याचे उत्तर वाक्प्रचारांच्या कोशात सापडते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही कोशात नसते. ते त्या कवितेतच शोधावे लागते.

रूढ वाक्प्रचाराचा अर्थ कोशात मिळाला, तरी तो कोणत्या मातीत उगवला हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंग्रजी ही थंड बेटावरची भाषा आहे. तिच्यात ऊब म्हणजे आपुलकी आणि गारठा म्हणजे दुरावा, म्हणून तिथे स्वागत 'वॉर्म' असते आणि टाळायच्या माणसाला 'कोल्ड शोल्डर' मिळतो. आपल्याकडे आवडते माणूस दिसले की डोळे निवतात, जिवाला गारवा मिळतो आणि राग आला की माथा तापतो. वृत्तपत्रांत 'उबदार स्वागत' असे छापलेले दिसते तेव्हा शब्दांचे भाषांतर झालेले असते, अनुभवाचे झालेले नसते. 'रेनी डे'साठी पैसे साठवणे म्हणजे अडीअडचणीसाठी तजवीज करणे. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसांच्या भाषेत पावसाचा दिवस हा संकटाचा दिवस होणे अवघडच होते. 'टेकन अबॅक' हा प्रयोग समुद्रावरचा आहे. वारा अचानक समोरून येऊन शिडे उलटी डोलकाठीवर दाबली गेली की जहाज जागच्या जागी अडते. हे चित्र कळले की 'चकित झाला' एवढ्या अर्थात जे हरवते, ते परत मिळते.

सर्वांत फसवे असतात ते आपल्या भाषेतही जसेच्या तसे दिसणारे प्रयोग. 'टू वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे जबाबदारी झटकणे. यामागे बायबलमधला प्रसंग आहे: रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर हात धुतो आणि येशूच्या रक्ताचा दोष आपल्यावर नाही असे जाहीर करतो. मराठीत एखाद्या गोष्टीवर हात धुऊन बसणे म्हणजे ती गमावणे, संधी साधून हात धुऊन घेणे म्हणजे फायदा उपटणे आणि हात धुऊन मागे लागणे म्हणजे पिच्छा पुरवणे. तिन्हींमध्ये पिलात कुठेच नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या एका प्रवेशात राजाचा खून करून आलेला मॅकबेथ जेव्हा रक्ताळलेल्या हातांकडे पाहून विचारतो की, सगळ्या महासागराने तरी हे रक्त धुऊन निघेल काय, तेव्हा मराठी अर्थ बाजूला ठेवून हात, पाणी आणि दोष यांची ती जुनी सांगड ध्यानात घ्यावी लागते.

याच प्रवेशाच्या आरंभी घुबड ओरडते. इंग्रजीत घुबड शहाणपणाचे आणि आपल्याकडे अशुभाचे, असे पाठ केलेला विद्यार्थी इथे चुकतो, कारण मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ, त्या घुबडाला मरणाची घंटा वाजवणारा म्हणते. प्रतीकांच्या याद्या पाठ करण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच. शब्दांचे अर्थ काळानुसार बदलतात हेही विसरू नये. वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्सवरील १८०७च्या कवितेत 'गे' म्हणजे आनंदी, एवढेच आहे.

कवी कधी कधी रूढ वचन उचलून त्यालाच प्रश्न विचारतो, आणि तिथे सावकाश थांबावे. रॉबर्ट फ्रॉस्टच्या १९१४ साली संग्रहात आलेल्या 'मेंडिंग वॉल' या कवितेत दोन शेजारी वसंतात आपल्या हद्दीवरची पडलेली दगडी भिंत पुन्हा रचतात. एकाकडे सफरचंदाची झाडे, दुसऱ्याकडे पाइनची. चरायला येणारी गुरे नाहीत, मग भिंत कशाला, असे निवेदकाला वाटते. शेजारी दोनदा एवढेच म्हणतो की, चांगली कुंपणे चांगले शेजारी घडवतात. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे ज्यांनी कोकणात किंवा देशावर पाहिले आहेत, त्यांना ही म्हण सहज पटेल, आणि नेमका तिथेच धोका आहे. ही म्हण कवितेचे तात्पर्य आहे असे उत्तर मी पुष्कळदा तपासले आहे. कवितेत ती शेजाऱ्याच्या तोंडी आहे, आणि शेवटी निवेदक म्हणतो की हा माणूस बापाच्या वचनामागे काय आहे ते पाहणार नाही. वाक्प्रचार सापडला की त्याचा अर्थ लिहिण्याआधी तो कोणाच्या तोंडी आहे हे लिहावे.

चेतनगुणोक्ती, म्हणजे पर्सॉनिफिकेशन, ओळखताना लिंगाकडे लक्ष असू द्यावे. मराठीत प्रत्येक नामाला लिंग असल्याने 'तो' आणि 'ती' आपल्याला खटकत नाहीत. इंग्रजीत निर्जीव वस्तू 'इट' असते, म्हणून तिथे 'ही' (he, म्हणजे तो) किंवा 'शी' (she, म्हणजे ती) आले की कवीने निवड केलेली असते. इंग्रजी कवितेतला चंद्र बहुधा 'शी' असतो. चांदोमामा म्हणत वाढलेल्या वाचकाने तिथे नाते बदलून घ्यावे. एमिली डिकिन्सनच्या एका प्रसिद्ध कवितेत बोलणारी स्त्री म्हणते की मला मृत्यूसाठी थांबता येत नव्हते, म्हणून तोच कृपा करून माझ्यासाठी थांबला. इथे मृत्यू 'ही' आहे, आणि गाडी घेऊन आलेल्या सभ्य गृहस्थासारखा वागतो. भाषांतर करताना 'मरण' हा शब्द घेतला तर 'ते' म्हणावे लागेल आणि गृहस्थ नाहीसा होईल. 'मृत्यू' घेतला तर तो राहील. 'थांबणे' या क्रियापदातले दोन अर्थ, हातातले काम थांबवणे आणि कोणासाठी गाडी थांबवणे, मराठीत सुदैवाने जसेच्या तसे उतरतात.

बारावीच्या परीक्षेत 'फिगर ऑफ स्पीच' ओळखायला सांगतात, तेव्हा अलंकाराचे नाव लिहून थांबू नये. 'उन्हाळ्याचा भाडेपट्टा' या ओळीविषयी लिहायचे, तर उन्हाळ्यावर भाडेकरूपण आरोपिले आहे हे एका वाक्यात सांगावे, आणि दुसऱ्या वाक्यात भाडेपट्ट्यामुळे कोणती गोष्ट आली, म्हणजे मालकी नसणे आणि मुदत ठरलेली असणे, हे सांगावे. तिसऱ्या वाक्यात त्या सुनीताच्या शेवटाकडे जावे, जिथे कवी प्रिय व्यक्तीचा उन्हाळा कधीच सरणार नाही असे म्हणतो आणि त्यासाठी आपल्या ओळींचाच आधार देतो.