पाचारण, आय-२० आणि पहिला रविवार

ऑगस्ट लागला की माझा फोन वाजायला लागतो. ‘ताई, आमच्या मंडळीतला मुलगा बोस्टनला एमएस करायला येतोय, जरा बघाल का?’ बघते ना. मला इथे येऊन १६ वर्षं झाली, मीही अशीच कुणाच्या तरी भरवशावर दोन बॅगा घेऊन उतरले होते. मुलं-मुली येतात, दोन दिवस झोप काढतात आणि मग दोन प्रश्न विचारतात. चर्च कुठलं धरू? इंटर्नशिप कशी मिळवू? तिसरा प्रश्न पोटातच असतो, तो साधारण डिसेंबरात बाहेर येतो: देवाने मला इथे नेमकं कशासाठी आणलंय? यालाच आपण पाचारण म्हणतो, देवाची हाक.

आधी चर्च. आपल्यातले बरेच जण सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. ती पाटी इथे शोधत बसू नका. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन वगैरे मंडळ्या १९७० साली नागपुरात एक झाल्या आणि सीएनआय उभी राहिली. इथे त्यांची मूळ घराणी अजून वेगवेगळी नांदतात. सीएनआय जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात मोडते, म्हणून एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे इथल्या अँग्लिकन चर्चमध्ये, उपासनेचा क्रम ओळखीचा वाटेल. तुमची मंडळी जुन्या अमेरिकन मराठी मिशनची असेल, तर तिचं माहेर इथल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत. त्यातल्या बऱ्याचशा १९५७ सालापासून युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये आहेत. कॅथलिक मुलांचं सोपं आहे. मिस्सा तोच, आणि पुष्कळ विद्यापीठांत न्यूमन सेंटर, म्हणजे कॅथलिक विद्यार्थ्यांचं केंद्र, असतं. पहिला न्यूमन क्लब १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला, म्हणजे ही सोय तशी जुनी आहे.

पण नुसत्या पाटीवर जाऊ नका. एकाच पंथाच्या, एकाच रस्त्यावरच्या दोन चर्चमध्ये उपदेश, गाणी आणि राजकारण यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तीन चर्च निवडा, प्रत्येकात दोन-तीन रविवार बसा आणि दिवाळी-नाताळच्या मध्ये कुठे तरी एक पक्कं करा. वर्षभर दर रविवारी नवं चर्च बघत फिरणारे मी पाहिलेत. त्यांना सगळीकडची कॉफी माहीत असते, पण आजारी पडल्यावर दार वाजवणारं कुणी नसतं.

काही गोष्टींचा धक्का बसेल. पाळकसाहेब आले म्हणून कुणी उठून उभं राहत नाही. त्यांना लहान पोरंसुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात. मला पहिलं वर्षभर ते जमलं नाही, मी नुसतं ‘पास्टर’ म्हणून वेळ मारून नेली. अर्ध्या चड्डीत माणसं प्रभुभोजनाला जातात. तासाभरात उपासना आटोपते. यावरून त्यांचा विश्वास उथळ आहे असं ठरवू नका. तीच चड्डीवाली माणसं माझ्या पहिल्या हिवाळ्यात माझा पलंग तिसऱ्या मजल्यावर चढवून गेली.

छोट्या गटाच्या बायबल अभ्यासात शेवटी विचारतात, ‘तुझ्यासाठी काय प्रार्थना करू?’ आपण सवयीने म्हणतो, ‘सगळं ठीक आहे.’ निदान एकदा तरी खरं सांगा. आणि प्रार्थना इंग्रजीत अडत असेल तर मराठीत करा. मी गटात पहिल्यांदा मोठ्याने मराठीत प्रार्थना केली तेव्हा कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण ‘आमेन’ सगळ्यांनी म्हटलं. येताना ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकाची प्रत आणायला मात्र विसरू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं फोनवर मिळतात हे खरं, पण पुस्तक हातात असलं की रविवारी संध्याकाळी चार टाळकी जमून गातात.

इथे एक इशारा. सेमेस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत लायब्ररीसमोर कुणी तरी फार गोड बोलून बायबल अभ्यासाला बोलावेल. बहुतेक वेळा ते साधं, चांगलं आमंत्रण असतं. पण तुमचा सगळा मोकळा वेळ मागणारे, बाकी सगळी चर्च खोटी म्हणणारे, तुमचा बाप्तिस्मा धरत नाही म्हणणारे, घरच्यांशी बोलणं कमी करा सुचवणारे भेटले तर काढता पाय घ्या. विद्यापीठाच्या चॅप्लनला, म्हणजे तिथे नेमलेल्या धर्मसेवकाला, विचारलं की कुठला गट कसा हे बहुधा कळतं. विचारायला लाजू नका, ते त्यांचं कामच आहे.

आता कामाचं. ही बाजू कोरडी आहे, पण इथेच चुका महागात पडतात. एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सेमेस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी, लागते. ती अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते आणि साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. म्हणून ऑगस्टात आलेल्यांना पुढचा उन्हाळा बरोबर सापडतो. परवानगी डीएसओ देतात, म्हणजे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातले नेमलेले अधिकारी, आणि ती नव्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, छापून येते. तो कागद हातात येण्याआधी एक दिवसही कामाला जायचं नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे बहुधा पदवीनंतर घेतात ती कामाची परवानगी, जाते, हेही ध्यानात असू द्या. ओपीटी १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला त्यावर आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतात. ओपीटीच्या पहिल्या टप्प्यात एकूण ९० दिवसांहून जास्त बिनकामाचं राहता येत नाही. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. नियम बदलत असतात, तेव्हा मित्राच्या मित्राचं ऐकण्यापेक्षा डीएसओंना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

‘चर्चचं काम म्हणजे सेवाच, त्याला कसली परवानगी?’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. मलाच तो पहिल्या वर्षी पडला होता. एका चर्चने मला दर रविवारी कीबोर्ड वाजवायचे पैसे देऊ केले. मला ते देवाचं उत्तर वाटलं, कारण त्या महिन्यात भाड्याची ओढाताण होती. सहज म्हणून डीएसओंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पैसे घेतले की ती कॅम्पसबाहेरची नोकरी, मग ती वेदीसमोर बसून केलेली का असेना. मी फुकट वाजवलं. चर्चच्या गायनवृंदात गाणं, संडे स्कूल घेणं, अन्नवाटपाला हात लावणं, हे सगळे जण बिनपगारीच करतात, त्याला हरकत नसते. पण एरवी पगारी असलेली जागा फुकटात भरली तर तीही अडचणीची ठरू शकते. मार्चच्या सुट्टीत चर्चच्या गटाबरोबर मेक्सिकोला वगैरे सेवेसाठी जाणार असाल तर निघण्याआधी आय-२० वर डीएसओंची प्रवासासाठीची सही आहे ना, ती जुनी झाली नाही ना, हे बघा. गटातल्या बाकीच्यांकडे अमेरिकन पासपोर्ट असतो, त्यांना हे सुचत नाही.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची भरती मोठ्या कंपन्या आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू करतात. तुम्ही अजून बस कुठली पकडायची ते शिकत असता आणि तिकडे जागा भरायला लागलेल्या असतात. माझे पहिल्या वर्षी चाळीसएक अर्ज वाया गेले. घरी फोन केला की ऐकू यायचं, ‘देवाने दार बंद केलं असेल, त्याची इच्छा.’ मी उपास धरला, रडले, आपण चुकून इथे आलो असं ठरवून टाकलं. मग चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ‘रेझ्युमे कुणाला दाखवलास का?’ दाखवला. चार पानं, फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव. त्यांनी हसू दाबत मला विद्यापीठाच्या करिअर सेंटरची वेळ घेऊन दिली. एका पानावर आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिली मुलाखत आली.

त्या दिवसापासून ‘दार बंद झालं’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कडी काढून बघितलीस का? माहिती काढायचा आळस आपण देवाच्या इच्छेवर ढकलतो आणि वर त्याला विश्वास म्हणतो. याचा अर्थ प्रार्थनेने काही होत नाही असा मुळीच नाही. मी प्रार्थना केली होती, आणि त्या बाई नेमक्या त्याच रविवारी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

खरोखर बंद झालेलं दार मात्र वेगळं असतं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत होतं, म्हणून ते शिक्षण जमलं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या सिस्टरांनी सांगितलेलं सगळं मुकाट्याने गिळलं नाही, पत्रांतून भांडभांड भांडल्या. पुढे १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि इथेच राहून बालोद्यानाची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणं दिली. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभं राहिलं आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. वैद्यकीचं दार बंद झालं त्या दिवशी यातलं काहीही त्यांना दिसत नव्हतं. बोस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीटवरून कॉलेजला जाताना मला हे आठवायचं आणि जरा बरं वाटायचं.

आणखी एक जागा सांगते, बोस्टनहून गाडीने साधारण तीन तासांवर. विल्यम्सटाउन. १८०६ च्या ऑगस्टात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले आणि आशियात सुवार्ता न्यायची म्हणून तिथेच प्रार्थना केली. त्या ओढीतून १८१० साली अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था, निघालं आणि १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत पोचलेली गोष्ट त्या गंजीपाशी सुरू होते. गंमत म्हणजे परवान्याची कटकट त्यांच्याही मागे होती. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्याहून निघून जा म्हटलं, मुंबईतही परत पाठवायचा हुकूम निघाला, अर्जविनंत्या करून ते कसेबसे राहिले. आय-२० हातात घेऊन रांगेत उभे असाल तेव्हा हे आठवून बघा. आणि त्या पाचांचा म्होरक्या सॅम्युअल मिल्स? तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. १८१८ साली आफ्रिकेहून परतताना समुद्रातच वारला. पाचारण एकाला झालं आणि बोटीत दुसरे चढले. मला ही गोष्ट कुठल्याही साक्षीपेक्षा जास्त पटते, कारण डिसेंबरातला तो तिसरा प्रश्न विचारणारी मुलं स्वतःच्याच नावाची चिठ्ठी शोधत असतात.

काहींना इथे येऊन वाटायला लागतं की इंजिनिअरिंग सोडून धर्मशास्त्र शिकावं. घाई करू नका, पण उडवूनही लावू नका. आधी एखाद्या चॅप्लनबरोबर रुग्णांना भेटायला जाऊन बघा. ज्यांना हे मनापासून करायचं असतं त्यांच्यासाठी सीपीई असते, इस्पितळात आजाऱ्यांजवळ बसायचं शिक्षण. एका युनिटला किमान ४०० तास लागतात आणि त्यात कुणाचा विश्वास पक्का होतो, कुणाचा हलतो. पुढे चर्चच्या पगारी कामासाठी आर-१ व्हिसा घ्यायचा झाला तर त्याच पंथाचं किमान दोन वर्षांचं सभासदत्व दाखवावं लागतं. म्हणून घरच्या मंडळीचा सभासदत्वाचा दाखला येतानाच आणा. एक कागद, वजन काही नाही.

इंटर्नशिपच्या जागी रविवारी बोलावलं तर काय, हेही विचारतात. आधी नम्रपणे सांगून बघा, बहुतेक वरिष्ठ ऐकतात. कायदाही अगदीच तोंड फिरवून बसलेला नाही: १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने १५ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीने श्रद्धेसाठी वाजवी सोय करायची असते, आणि २०२३ साली रविवारच्या पाळीवरून टपाल खात्याच्या एका ख्रिस्ती कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोय नाकारणं मालकांना आणखी अवघड केलं. तरी पहिल्याच आठवड्यात कायदा काढू नका बाबांनो.

हिवाळ्यात चार-साडेचारला अंधार पडतो. झोप लागत नाही, उठवत नाही, प्रार्थनाही होत नाही असं दोन आठवडे चाललं तर त्याला विश्वासाचा दुबळेपणा म्हणू नका. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांची वेळ घ्या. पाळकांनाही सांगा, पण एकाच्या ऐवजी दुसरा नको. मी दोघांकडे गेले होते.

राहता राहिला पहिला रविवार. आल्यानंतरचा पहिलाच धरा, डोळे मिटत असले तरी. मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. पाहुण्यांसाठी एक कार्ड फिरवतात, त्यावर नाव आणि फोन नंबर लिहा. मंगळवार-बुधवारकडे अनोळखी नंबरवरून फोन येईल. तेवढा उचला.