१९८५ चा रुपया घरात सापडला? किंमत अशी ठरवा

वर्षाखाली 'एच' अक्षर असलेला रुपया लाखात जातो सांगणारे व्हिडिओ आधी बंद करा. ऐंशीच्या दशकात सुट्ट्या पैशांची बोंब होती, एसटीत कंडक्टर बाकी तिकिटाच्या मागे लिहून द्यायचे, दुकानदार हातावर गोळ्या टेकवायचे. आपल्या टाकसाळींना झेपेना म्हणून सरकारने १९८५ मध्ये रुपये ब्रिटनमधून आणि ५० पैसे कोरियातून पाडून आणले. टंचाई भागवायलाच आणलेली नाणी, त्यामुळे आली ती ढिगाने, आणि म्हणूनच अजून घरोघरी डब्यात निघतात.

पहिलं, नाणं बरोबर तेच आहे ना ते बघा: २६ मिमी, ६ ग्रॅम, १ च्या दोन्ही बाजूंना कणसं.

दुसरं, साध्या पाण्यात बुडवून टिपून घ्या, बस. चिंच, टूथपेस्ट, ब्रासो यातलं काहीही लावलंत तर संग्राहक घेणार नाही.

तिसरं म्हणजे टाकसाळीची खूण, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणारं बारीक चिन्ह, आणि खरी गोची इथेच आहे. वर्षाखाली 'एच' असेल तर बर्मिंगहॅमची हीटन टाकसाळ, हे कुणालाही दिसतं. घोळ होतो तो पत्त्यांतल्या चौकटसारख्या खुणेचा. ती मुंबईचीही आहे आणि वेल्समधल्या लँट्रिसंटचीही, फरक फक्त जागेचा. मुंबईची वर्षाच्या मधोमध खाली असते, लँट्रिसंटची पहिल्या आकड्याच्या म्हणजे १ च्या खाली. मला स्वतःला हे डोळ्यात बसायला बराच वेळ लागला. मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढू नका, चमकेत खूण गायब होते. सोनाराकडे असतं तसं भिंग घ्या, दिवा बाजूला ठेवा आणि तिरप्या उजेडात नाणं हळूहळू फिरवा, मग खुणेची कड उठून दिसते.

आणि खूण दिसली नाही की लगेच 'कोलकाता' म्हणून मोकळे होऊ नका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते हे खरं, पण झिजलेल्या नाण्यावरची खूणही पुसलेलीच असते. वर्षाचे चारही आकडे धारदार असतील तरच कोलकाता म्हणा, नाहीतर 'खूण वाचता येत नाही' असं सरळ लिहा.

चौथं, अवस्था. सिंहांच्या आयाळीच्या रेषा आणि कणसांचे दाणे सुटे दिसतात का बघा. सपाट झाले असतील तर ते नाणं हातोहात फिरलेलं आहे, मग 'एच' असो नाहीतर चौकट, फार काही मिळणार नाही. पैसा आहे तो न वापरलेल्या, टाकसाळीची मूळ चमक टिकलेल्या नाण्याला.

शेवटी भाव. विकणाऱ्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे, लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले तेच धरा. आणि 'आधी कमिशन भरा, रजिस्ट्रेशन करा' म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाकडून फी किंवा कमिशनही मागत नाही.