जंगलालगतची बोडी : पाळ पहिल्याच पावसाळ्यात फुटू नये म्हणून

भंडारा-गोंदियाकडे ज्यांचं शेत जंगलाला लागून आहे, त्यांनी एक तरी बोडी (मातीची पाळ, म्हणजे बांध, घालून पाणी अडवलेलं छोटं तळं) वन्यप्राण्यांसाठी राखावी. सिमेंटच्या पाणवठ्यात उन्हाळाभर टँकर रिता करावा लागतो. बोडी पावसावर भरते, आणि चितळापासून बेडकापर्यंत सगळ्यांना पुरते. मात्र 'पाळ उंच घ्या, मग काळजी नाही' हा सल्ला ऐकू नका. लहान पाळी मुख्यतः दोन कारणांनी फुटतात : पाणी पायाखालून वाट काढतं, नाही तर सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) अपुरा पडून पाळीवरून वाहतं. पायाखालची वाट उंचीने बंद होत नाही, उलट पाण्याचा दाब वाढतो.

जागा वनजमीन असेल, तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय कुदळही मारू नका.

मापं. पाळ ३ मीटर, पाणी २ मीटर. माथा अडीच मीटर रुंद. पाण्याकडचा उतार १:२.५ (१ मीटर उंचीला २.५ मीटर पसारा), मागचा १:२. म्हणजे तळाशी रुंदी १६ मीटर येते. एवढी जागा नसेल तर उंची कमी करा, उतार उभे करू नका. माती दबते, म्हणून माथा २०-३० सेंमी जास्त भरा, मधोमध थोडा अधिक.

जागा साफ करणं. वरची १५-२० सेंमी माती, बुंधे, मुळ्या सगळं काढा. वारूळ दिसलं तर तळापर्यंत खोदून चिकणमातीने ठोकून भरा.

खंदक आणि गाभा. इथेच पाळ टिकते किंवा जाते. पाळीच्या मध्यरेषेवर, तळाशी किमान दीड मीटर रुंद खंदक खोदा. खोली आधी ठरवून चालत नाही. रेती, सैल मुरूम, भेगाळ थर पार करून घट्ट थर लागेपर्यंत जायचं आणि त्या थरातही ३० सेंमी उतरायचं. जेसीबीवाला 'लागला कडक' म्हणाला की थांबू नका. खंदकात बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळ राहतं ते पाहा. खंदक नाल्यापुरता घेऊन दोन्ही खांदे तसेच सोडतात, ही सर्वांत महागात पडणारी चूक. खंदक दोन्ही काठांत पाण्याच्या पातळीपर्यंत चढलाच पाहिजे.

गाभा म्हणजे खंदकापासून पाळीच्या मधोमध वर चढणारा, पाणी अडवणारा चिकणमातीचा भाग. तो भरायला कन्हार (काळी, भारी चिकणमाती) किंवा मोरांड (मध्यम चिकण माती). खर्डी (हलकी, रेतीमिश्रित माती) गाभ्यात नको. ती बाहेरच्या आवरणाला ठेवा. कन्हार मात्र उघडी ठेवायची नाही, कारण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गाभ्यावर सगळीकडून अर्धा मीटर तरी मुरमाड मातीचं आवरण हवं.

सगळ्यात जास्त कामं ओलाव्यात बिघडतात. मूठभर माती दाबून लाडू करा आणि खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. भुगा झाला तर माती कोरडी, चपटा होऊन चिकटून राहिला तर ओली, दोन-चार तुकडे झाले तर बरोबर. कोरडी माती कितीही ठोका, ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात. पाणी चढलं की त्याच पोकळ्या जोडल्या जाऊन नळी होते. ओली माती चाकाखाली रबरासारखी हलते, दबत नाही. म्हणून उन्हाळ्यात माती आदल्या संध्याकाळी खाणीतच भिजवून ठेवा. पाळीवर टँकर सोडला की वर चिखल आणि आत धूळ होते.

थर १५ सेंमीचा, त्याहून जाड नको. रोलर नसेल तर भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चाकोरी बदलत ८-१० वेळा फिरवा, कडेला धुम्मस (हाताने ठोकायचं जड साधन) वापरा. पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडून शिंपा, नाही तर दोन थरांमध्ये गुळगुळीत फट राहते. जेसीबीने ढीग ओतून वरून एकदाच दाबणारा ठेकेदार असेल, तर काम त्याच दिवशी थांबवा.

पाळीतून पाइप घालू नका. पाइपच्या कडेने पाणी झिरपतं, आणि वन्यप्राण्यांच्या बोडीला तो लागतच नाही.

सांडवा. जुन्या मालगुजारी (जमीनदारांच्या काळातल्या) तलावांवर याला सलंग म्हणतात. तो न खोदलेल्या मूळ जमिनीवरच हवा, भरावावर कधीही नाही. १० हेक्टर पाणलोट आणि तासाला १०० मिमी पाऊस धरला, आणि त्यातलं सुमारे ४० टक्के पाणी वाहून येतं असं मानलं, तर सेकंदाला साधारण १.१ घनमीटर पाणी येतं. ५ मीटर रुंद सांडव्यावरून ते ३० सेंमीपेक्षा कमी खोलीने निघून जातं. अरुंद आणि खोल सांडवा माती खरवडतो. सांडव्याचा उंबरा (जिथून पाणी बाहेर वाहू लागतं ती कड) पाळीच्या माथ्याच्या १ मीटर खाली ठेवा आणि सांडव्यात हराळी लावा.

तळं. माती तळ्याच्या पोटातूनच घ्या, पण पाळीच्या पायथ्यापासून १० मीटर सोडून, आणि तळाची चिकणमाती पूर्ण उकरू नका. मे महिन्यात दिवसाला साधारण १० मिमी पाणी उडून जातं, म्हणून एक डोह नाल्याच्या तळापेक्षा मीटरभर खोल ठेवा. समोरचा काठ १:६ इतका सपाट हवा; उभ्या काठाच्या खड्ड्यात पाडसं पडली तर निघत नाहीत. प्लास्टिक अंथरू नका, खुरांनी फाटतं. मासे सोडू नका. बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या ते संपवतात. पाळीवर झाड नको, फक्त गवत. बेशरमाचं झुडूप दिसलं की उपटा.

पहिला पाऊस. पाणी चढत असताना मागचा पायथा रोज पाहा. नितळ पाणी पाझरत असेल तर फक्त लक्ष ठेवा. गढूळ पाणी म्हणजे पाळीतली माती वाहून जातेय. अशा वेळी मागून चिखल थापून भोक बुजवणं घातक आहे. अडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. पाझराच्या तोंडावर आधी स्वच्छ जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर दगड असा ढीग रचा, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. लगेच सांडव्याचा उंबरा अर्धा मीटर खाली खोदून पातळी उतरवा. खंदकाची दुरुस्ती तळं आटल्यावर, उन्हाळ्यात.