‘घरात खायलाच काही नाही!’
फ्रिज गच्च भरलेला असतो आणि तरी दार उघडं धरून पोरं हेच म्हणतात. वाद घालू नका. बहुतेकदा अडचण एवढीच असते की लगेच तोंडात टाकण्यासारखं समोर काही दिसत नाही. उंची झपाट्याने वाढण्याचं हे वय, मुलींचं साधारण 11-12, मुलांचं 13-14. भूकही तशीच खवळते. एक कप्पा त्यांच्या नावाने करा: चिरलेली फळं, उकडलेली अंडी, उरलेलं जेवण, सगळं पारदर्शक डब्यांत, डोळ्यांसमोर. (स्टीलच्या डब्याचं झाकण ही मंडळी उघडत नाहीत.) सामानाच्या यादीत दोन वस्तू त्यांना लिहू द्या. तरीही कुरकुर आली तर ‘मग आज तूच कर काहीतरी’ म्हणा आणि स्वयंपाकघरातून खुशाल बाहेर पडा.