हँडब्रेक लागत नाही म्हणून लगेच केबल कसू नका! जुन्या मोठ्या गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

मागच्या वर्षी चिखलदऱ्याच्या घाटात चहासाठी गाडी थांबवली, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला आणि उतरून पाहतो तर गाडी हळूहळू मागे सरकून राहिली! दगड लावला म्हणून वाचलो. गाडी १४ वर्षं जुनी, आणि महिनाभराआधीच गावातल्या मेकॅनिकनं हँडब्रेक "टाइट करून" दिला होता.

सगळे हीच चूक करतात भाऊ. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ, यांचा हँडब्रेक केबलनं मागच्या ड्रममधले (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यातले) शू, म्हणजे ब्रेकच्या अर्धगोल पट्ट्या, पसरवतो. लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजले की शू आणि ड्रममधली फट वाढते, म्हणून लिव्हर वर येते. आपण मात्र फट तशीच ठेवून केबलचा नट कसतो. मग दोन दिवस बरं वाटते, पण केबल कायम ताणलेली राहिली की शू ढकलणारी आतली दांडी पूर्ण मागे येत नाही, ॲडजस्टर (शूची फट कमी-जास्त करणारा भाग) नीट काम करत नाही, आणि जास्तच कसली तर शू घासत राहतात, ड्रम तापतो, लायनर जळतात.

बरोबर पद्धत अशी, आधी केबल सैल करा, पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर खाली घुसू नका राजेहो), ड्रम काढून लायनर पाहा, ठीक असतील तर ॲडजस्टर फिरवून चाक हलकंसं घासेल इतके शू जवळ आणा आणि केबल अगदी शेवटी. लिव्हर ओढताना किती खटक्यात हँडब्रेक लागला पाहिजे ते गाडीच्या पुस्तकात असते.

ड्रम उघडल्यावर लायनर ओले दिसले तर पॉलिश पेपर मारून परत बसवू नका. ॲक्सलचं ऑइल सील नाहीतर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा भाग) गळत असते, ते बदला आणि लायनर दोन्ही चाकांचे नवे टाका. आतली धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

पावसाळ्यात पाणंदीतून काळ्या मातीचा चिखल तुडवून आलो आणि हँडब्रेक ओढून गाडी आठ दिवस उभी केली, की शू ड्रमला चिकटतात, केबल गंजून अडकते. घरी सपाट जागा असेल तर गिअर आणि दगड पुरे. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स. फोर बाय फोरवाल्यांनी एक पाहावं, ट्रान्सफरचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) दांडा न्यूट्रलला राहिला तर गिअरमध्ये टाकलेली गाडीही घरंगळते!

हँडब्रेकचा लाल दिवा विझत नसेल तर स्विच खराब म्हणून वायर काढून टाकू नका. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच दिवा लागते.

काम झाल्यावर पाच-सात किलोमीटर चालवून या आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, लावू नका, भाजते. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागलं तर तिकडचे शू घासत आहेत नाहीतर केबल अडकली आहे, परत जॅक लावून पाहा.